अंतर्मुख आणि बहिर्मुख: फरक ओळखण्याची आणि त्यानुसार वागण्याची रीत

चारचौघांत कमी बोलणारा तो अंतर्मुख आणि मनमोकळे बोलणारा तो बहिर्मुख, असा निवाडा आपण सर्रास करून टाकतो. तो पुष्कळदा चुकतो आणि त्याचा त्रास मात्र समोरच्या माणसाला होतो. अबोल मुलामागे 'जरा मिसळायला शीक' असा धोशा लागतो, बोलक्या सहकाऱ्याला उथळ समजले जाते आणि थोडा वेळ एकटे राहू इच्छिणाऱ्या जोडीदाराच्या प्रेमाबद्दलच शंका घेतली जाते. हा फरक मुळात कशात आहे, तो स्वतःमध्ये व इतरांमध्ये कसा ओळखावा आणि ओळखल्यावर घरी, कामावर व मुलांशी वागताना काय करावे, हे पुढे सांगितले आहे. माझा आग्रह एवढाच की माणूस किती बोलतो हे मोजण्यापेक्षा त्याला भोवतालची किती गजबज मानवते आणि कशाची ओढ वाटते ते पाहावे, आणि तेही एखाद्या संध्याकाळवरून न ठरवता बऱ्याच दिवसांच्या वागण्यावरून ठरवावे.

फरक कशात आहे

या दोन संज्ञा रूढ केल्या त्या स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी, १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून. मनाची ऊर्जा बाहेरच्या वस्तूंकडे व माणसांकडे वळते की आतल्या विचारांकडे व अनुभवांकडे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पूर्णपणे एकाच बाजूचा माणूस असतो, असे त्यांनीही मानले नव्हते. पुढे जर्मनीत जन्मलेले आणि लंडनमध्ये काम केलेले हान्स आयसेंक यांनी १९६७ मध्ये या फरकाला शरीरशास्त्राचा आधार देण्याचा प्रयत्न केला. अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू मुळातच अधिक जागृत अवस्थेत असतो, त्यामुळे बाहेरून येणारे उद्दीपन तिला लवकर पुरे होते, असे त्यांचे म्हणणे होते. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले असता अंतर्मुखांना अधिक लाळ सुटते, असे त्या काळच्या प्रयोगांत दिसले होते. मेंदू सदासर्वकाळ अधिक जागृत असतो हा भाग पुढच्या संशोधनात तितकासा टिकला नाही, मात्र आवाज, प्रकाश, गर्दी यांसारख्या उद्दीपनाला अंतर्मुख व्यक्तींचा प्रतिसाद अधिक तीव्र असतो, या भागाला बराच आधार मिळाला.

दुसरा धागा ओढीचा आहे. नवी ओळख, कौतुक, स्पर्धेतली जीत, अचानक ठरलेला बेत अशा गोष्टींतून मिळणाऱ्या सुखाच्या शक्यतेकडे बहिर्मुख व्यक्ती अधिक जोराने खेचली जाते, आणि मेंदूतील डोपामिन या रसायनाशी निगडित यंत्रणेचा यात वाटा असावा असे अनेक संशोधक मानतात. बहिर्मुख माणूस गर्दीत शिरतो तो केवळ माणसांसाठी नव्हे. त्या गर्दीत काहीतरी चांगले घडेल ही अपेक्षा त्याला तेथे नेते. अंतर्मुख माणसाला तीच गर्दी दिसते, पण तिच्यातून मिळणारे सुख त्याला तेवढे मोठे वाटत नाही आणि त्यासाठी सोसावी लागणारी गजबज मात्र मोठी वाटते. अंतर्मुखांना माणसे आवडत नाहीत, हा समज येथेच गळून पडतो.

आज व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात पाच प्रमुख गुणांची चौकट सर्वाधिक वापरली जाते आणि बहिर्मुखता हा त्यांतील एक गुण आहे. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या प्रश्नावलीत या गुणाचे सहा पैलू धरले आहेत: आपुलकी, माणसांत राहण्याची आवड, ठामपणे पुढाकार घेणे, कामाचा व हालचालींचा वेग, थरार शोधण्याची वृत्ती आणि आनंदी भावनांचा जोर. व्यवहारात मला हे सहा पैलू फार उपयोगाचे वाटतात, कारण एकाच माणसात ते एकाच मापाने नसतात. बैठकीत ठामपणे बाजू मांडणारी व्यक्ती बैठकीनंतरच्या गप्पांना टाळू शकते. सर्वांशी अतिशय मायेने वागणाऱ्या माणसाला वेग आणि थरार नकोसा असू शकतो. अशा माणसावर एकच शिक्का मारला की त्याचा अर्धा स्वभाव आपल्या नजरेआड होतो.

आणखी एक बाब पक्की लक्षात ठेवावी. उंचीप्रमाणे हा गुणही चढत्या-उतरत्या प्रमाणात असतो. लोकांचे दोन वेगळे गट नसतात आणि बहुसंख्य माणसे मधल्या भागात कोठेतरी असतात. त्या मधल्यांना उभयमुख म्हणतात. ज्या चाचण्या मधोमध रेघ ओढून प्रत्येकाला एका बाजूला टाकतात, त्यांच्यात रेघेच्या जवळच्या माणसाचा निकाल पुन्हा चाचणी दिल्यावर सहज बदलतो, म्हणून तेथे मिळालेल्या शिक्क्यावरून नोकरी, नाते किंवा शिक्षणाची दिशा ठरवू नये.

स्वतःचा स्वभाव कसा पाहावा

दोन आठवडे रोज रात्री चार-सहा ओळी लिहाव्यात. त्या दिवशी माणसांत किती वेळ गेला, ती माणसे ओळखीची होती की अनोळखी, किती जण होते, जागा शांत होती की गोंगाटाची, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी कसे वाटले व दोन-तीन तासांनी कसे वाटले, हे वेगवेगळे नोंदवावे. 'त्या वेळी' आणि 'नंतर' यांची फारकत करणे अत्यावश्यक आहे. फिनलंडमधील लेइकास आणि इल्मारिनेन यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की बोलके, उत्साही वागणे त्या क्षणी मन प्रसन्न करते, पण सुमारे तीन तासांनी थकवा वाढवते, आणि हे अंतर्मुख व बहिर्मुख दोघांच्याही बाबतीत खरे होते. 'मी माणसांत राहून दमलो, म्हणजे मी अंतर्मुख' हा प्रचलित निकष त्यामुळे एकट्याने पुरेसा ठरत नाही. दमतात सगळेच. त्या दमण्याच्या बदल्यात जे मिळाले ते आपल्याला पुन्हा हवेसे वाटते का, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

नोंदी हाताशी आल्यावर काही गोष्टी तपासाव्यात. अचानक मोकळा झालेला वेळ हाती आला तर पहिला विचार कोणाला तरी बोलावण्याचा येतो की दार लावून घेण्याचा? अवघड प्रश्न सुटत नसेल तर तो कोणाशी तरी बोलता बोलता उलगडतो की एकट्याने फिरताना किंवा लिहिताना? पाच जणांच्या गप्पांत आपण असतो तसेच वीस जणांच्या मेळाव्यात असतो का? शांततेत बराच वेळ गेल्यावर मन स्थिरावते की चुळबुळ सुरू होते? यांतील एकाही उत्तरावरून निर्णय देऊ नये, पण सगळी उत्तरे एका बाजूला झुकत असतील तर तो कल विश्वासार्ह मानण्यास हरकत नाही.

या नोंदींतून बहुतेकांना एक आश्चर्याची गोष्ट दिसेल: आपलेच वागणे दिवसागणिक, किंबहुना तासागणिक, पुष्कळ बदलते. विल्यम फ्लीसन यांनी २००१ मध्ये लोकांच्या दैनंदिन वागण्याच्या नोंदी गोळा केल्या तेव्हा हेच दिसले. प्रत्येक माणूस कधी ना कधी अतिशय बोलका आणि कधी ना कधी अतिशय गप्प असतो. स्वभाव दिसतो तो त्या सगळ्यांच्या सरासरीत. सरासरी मात्र आठवडोन्आठवडे बऱ्यापैकी स्थिर राहते.

भोवतालचा आवाज हा स्वतःवर करून पाहण्याजोगा सर्वांत सोपा प्रयोग आहे. रसेल गीन यांनी १९८४ मध्ये लोकांना शिकण्याचे एक काम देऊन कानावर पडणारा आवाज स्वतः ठरवू दिला. अंतर्मुखांनी कमी आवाज निवडला, बहिर्मुखांनी अधिक, आणि आपापल्या पसंतीच्या पातळीवर दोघांचेही काम सारखेच चांगले झाले. पातळ्यांची अदलाबदल होताच दोघांचेही काम घसरले. आपणही एकाच प्रकारचे काम काही दिवस शांततेत आणि काही दिवस संगीत किंवा वर्दळीच्या सोबतीने करावे आणि चुका व लागलेला वेळ यांची तुलना करावी. आवड काय सांगते यापेक्षा काम काय सांगते ते महत्त्वाचे.

या गोष्टींशी गल्लत करू नये

बुजरेपणा आणि अंतर्मुखता यांची गल्लत सर्वांत जुनी आहे. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की माणसांत राहण्याची इच्छा कमी असणे आणि माणसांत अवघडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बुजऱ्या माणसाला लोकांत जायचे असते, पण लोक काय म्हणतील ही धास्ती त्याचे पाय मागे ओढते. अंतर्मुख माणसाला अशी धास्ती असेलच असे नाही, त्याला तेथे जाण्याची फारशी गरज वाटत नाही एवढेच. त्यामुळे बुजरा बहिर्मुख ही व्यक्ती खरोखर असते, आणि तिची घुसमट मोठी असते, कारण जे हवे तेच तिला अवघड वाटते. एखादा अबोल माणूस कोणता हे ओळखायचे असेल तर निमंत्रण नाकारल्यानंतर त्याला काय वाटते ते आपुलकीने विचारावे. 'बरे झाले, निवांत पुस्तक वाचले' आणि 'जायचे होते, पण धीर झाला नाही' ही दोन उत्तरे दोन निराळ्या मनःस्थितींतून येतात आणि त्यांना मदतही निराळी लागते.

ही धास्ती अनेक महिने टिकली, शाळा किंवा काम टाळण्यापर्यंत गेली, चारचौघांत साधे बोलताना किंवा लिहिताना छाती धडधडू लागली, तर तो स्वभावाचा प्रश्न उरत नाही. सामाजिक चिंतेचा विकार उपचारांनी सुधारतो आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. नैराश्याच्या बाबतीत बदलाकडे लक्ष ठेवावे. नेहमी माणसांत रमणारी व्यक्ती काही आठवड्यांत सर्वांपासून दूर गेली, एकांतातही तिला पूर्वीच्या आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, तर 'ती आता अंतर्मुख झाली' असे म्हणून विषय संपवणे धोक्याचे आहे. अंतर्मुख माणूस एकटा असताना कशात तरी रमलेला असतो.

बोलण्यात आणि बैठकीत

बहिर्मुख व्यक्ती पुष्कळदा बोलत बोलत विचार करते, अंतर्मुख व्यक्ती विचार पूर्ण करून मग बोलते. एकमेकांविषयीच्या बहुतेक तक्रारी या एका फरकातून उगवतात. पहिलीचे अर्धवट विचार दुसरीला अंतिम निर्णय वाटतात, आणि दुसरीची शांतता पहिलीला नाराजी वाटते. यावर उपाय साधा आहे, पण तो दोघांनीही मुद्दाम करावा लागतो. बोलक्या माणसाने सुरुवातीलाच 'मी अजून ठरवलेले नाही, फक्त बोलून पाहतो आहे' असे सांगावे आणि प्रश्न विचारल्यावर स्वतःच त्याचे उत्तर देण्याची घाई करू नये. अबोल माणसाने नुसते गप्प न राहता 'मला ऐकू आले आहे, विचार करून संध्याकाळी सांगतो' असे म्हणावे आणि संध्याकाळी खरोखर सांगावे. वेळ मागून मग विषयच टाळणे हा समोरच्यावर अन्याय आहे, आणि अंतर्मुख असणे ही त्याची सबब होऊ शकत नाही.

बैठका घेणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. सर्वांनी एकत्र बसून मोठ्याने कल्पना सुचवाव्यात ही पद्धत अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला लोकप्रिय केली. परंतु १९५८ मध्ये येल विद्यापीठातील अभ्यासात असे दिसले की तेवढीच माणसे वेगवेगळी बसून विचार करून मग कल्पना एकत्र केल्या तर त्या अधिक निघतात. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचे एक मोठे कारण दाखवले: गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपल्या पाळीची वाट पाहताना बाकीच्यांच्या कल्पना अडून राहतात किंवा विरून जातात. हे नुकसान सर्वांचेच होते, पण आवाज चढवून मध्ये न बोलणाऱ्याचे अधिक होते, असे मला वाटते. म्हणून बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी कळवावेत, सुरुवातीची दहा मिनिटे प्रत्येकाने शांतपणे लिहिण्यासाठी ठेवावीत, मग प्रत्येकाचे म्हणणे क्रमाने ऐकावे आणि बैठकीनंतर सुचलेले मुद्दे एका दिवसापर्यंत स्वीकारावेत. बहिर्मुख सहकाऱ्यांना यात कोंडल्यासारखे वाटू नये म्हणून लेखी भागानंतर मोकळ्या चर्चेला भरपूर वेळ द्यावा, कारण कल्पनांची निवड आणि जुळणी बोलूनच चांगली होते.

नेतृत्वासाठी बहिर्मुखच हवा, हा समजही तपासून घ्यावा. अॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांच्या २०११ च्या अभ्यासात कर्मचारी सांगितल्याप्रमाणे काम करणारे असतील तेथे बहिर्मुख प्रमुखाचा गट सरस ठरला, आणि कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असतील तेथे अंतर्मुख प्रमुखाचा. प्रमुख निवडताना त्याचा स्वभाव एकटा न पाहता त्याच्या हाताखालच्या माणसांचाही विचार करावा.

एका घरात दोन स्वभाव

जोडीदारांपैकी एक अंतर्मुख आणि दुसरा बहिर्मुख असेल तर भांडण बहुधा समारंभाच्या दारात होते: एकाला निघायचे असते, दुसऱ्याला आत्ता कोठे रंग चढलेला असतो. निघण्याची वेळ घरून निघतानाच ठरवावी आणि दोघांनी स्वतंत्रपणे परत येण्याची सोय शक्य असेल तेव्हा ठेवावी. कामावरून परतल्यानंतरचा पहिला अर्धा तास हा दुसरा नाजूक काळ. दिवसभराचे सांगण्यासाठी आतुर असलेल्याला त्या वेळी मिळालेली शांतता तुटकपणासारखी लागते, म्हणून एकांत मागणाऱ्याने त्याची मुदतही सांगावी. 'मला एकटे राहू दे' या वाक्याने माणूस दुखावतो, 'मला अर्धा तास दे, मग निवांत बोलू' या वाक्याने तो वाट पाहतो. बहिर्मुख जोडीदाराने आपल्या सगळ्या गप्पांची गरज एकाच माणसाकडून भागवून घेण्याचा हट्ट सोडावा. मित्र, भावंडे, खेळाचा गट यांतून ती भागली तर नात्यावरचा भार हलका होतो, आणि अंतर्मुख जोडीदारानेही त्या बाहेरच्या मैत्रीकडे संशयाने पाहू नये.

स्वभावाबाहेर कधी आणि किती जावे

अंतर्मुख माणसाने बहिर्मुखासारखे वागून पाहिल्यास त्यालाही त्या वेळी बहुधा अधिक आनंद मिळतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. जॉन झेलेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असेही दाखवले की हा आनंद किती मिळेल याचा अंदाज अंतर्मुख व्यक्ती कमीच बांधतात. 'मला तेथे मुळीच आवडणार नाही' असे मन सांगेल तेव्हा त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा. परंतु येथे थांबून 'मग सर्वांनी बहिर्मुखच व्हावे' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लोकांना सलग एक आठवडा बहिर्मुखासारखे वागण्यास सांगितले. एकूण गटाला फायदा झाला, पण जे अधिक अंतर्मुख होते त्यांना आनंदाचा लाभ कमी झाला, थकवा वाढला आणि आपण खोटे वागतो आहोत ही भावनाही.

यातून निघणारी व्यावहारिक रीत अशी की स्वभावाबाहेर जावे ते आपल्याला मनापासून महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामासाठी, आणि मर्यादित वेळ. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांनी हाच विचार मांडला: जिव्हाळ्याच्या कामासाठी माणूस आपल्या स्वभावाविरुद्ध उत्तम वागू शकतो, मात्र त्यानंतर त्याला मूळ स्वभावात परतण्यासाठी जागा लागते. व्याख्यान द्यायचे असेल तर त्यानंतरचा तास रिकामा ठेवावा. दिवसभराच्या परिषदेत दुपारचे जेवण कधी एकट्याने घ्यावे. हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू पडते, जरी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. परीक्षेचा अभ्यास, प्रबंधलेखन, घरून एकट्याने करण्याचे काम यांत बहिर्मुख माणूस आतून कोमेजतो. त्याने दर दीड-दोन तासांनी कोणाशी तरी बोलण्याची वेळ ठरवावी किंवा जेथे इतर लोक काम करत आहेत अशा ठिकाणी जाऊन बसावे, आणि घरच्यांनी त्याला चंचल म्हणू नये.

मुलांच्या बाबतीत

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून बहिर्मुखतेतील माणसामाणसांमधला सुमारे ४० ते ६० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे दिसते. जेरोम केगन यांनी हार्वर्डमध्ये चार महिन्यांच्या बालकांना नवे आवाज, वास आणि हलणारी खेळणी दाखवली, तेव्हा सुमारे २० टक्के बालकांनी हातपाय झाडून व रडून तीव्र प्रतिसाद दिला, आणि अशी मुले पुढे नव्या माणसांपुढे सावध राहण्याची शक्यता अधिक आढळली. ती सगळीच पुढे अबोल झाली नाहीत, कारण आनुवंशिकता हे विधिलिखित नाही. पण मूल हट्टाने किंवा लाडामुळे गप्प बसते, हा आरोप तरी पालकांनी मनातून काढून टाकावा.

अशा मुलाला नव्या ठिकाणी नेताना गर्दी जमण्याआधी पोहोचावे, तेथे काय होणार आहे ते आधी सांगावे, आणि त्याला काही वेळ कडेला उभे राहून पाहू द्यावे. पाहून झाल्यावर ते स्वतःहून पुढे जाईल यासाठी सौम्य प्रोत्साहन द्यावे. दर वेळी ते घाबरले की लगेच घरी आणणे हेही योग्य नाही, कारण मग परिचयाने भीती ओसरते हा अनुभव त्याला मिळतच नाही. बहिर्मुख मुलाला शांत बसण्याची शिक्षा देण्याऐवजी आधी दहा मिनिटे बोलू द्यावे किंवा धावू द्यावे आणि मग अभ्यासाला बसवावे.

शिक्षकांसाठी एक उपाय विशेष मोलाचा आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे आढळले. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. प्रश्न विचारून मनात तीनपर्यंत मोजावे, पहिल्या वर झालेल्या हाताकडे लगेच वळू नये, आणि प्रगतिपुस्तकात 'वर्गात बोलत नाही' असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाला उत्तर लिहून किंवा शेजारच्या एका सोबत्याला सांगून पुढे येण्याची संधी काही आठवडे देऊन पाहावी.